फेब्रुवारी महिन्यातील संत आणि शेवटच्या बाकावरची माणसे



काही वर्षांपूर्वी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना संतांची चित्रे दाखवत होतो. पाचवीतल्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, संत होण्यासाठी फादर किंवा सिस्टर व्हावंच लागतं का?" मी लगेच 'नाही' म्हणालो. पण उदाहरणे द्यायला गेलो, तेव्हा माझ्या तोंडी बिशपांची, धर्मगुरूंची आणि मठाधिपतींचीच नावे येऊ लागली. मुलगा गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते हे मला कळले.

घरी येऊन मी उपासना-दिनदर्शिका उघडली. महिना फेब्रुवारीचा होता. एकेक नाव वाचत गेलो तसे त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळालेच, शिवाय आणखी एक गोष्ट लक्षात आली. या लहानशा महिन्यात ख्रिस्तसभा ज्यांची आठवण करते, त्यांतल्या अनेकांना जगाने शेवटच्या बाकावर बसवले होते. कोणी वृद्ध, कोणी गुलाम, कोणी अशिक्षित, तर कोणाला संघात प्रवेश न मिळालेला. देवाने मात्र त्यांना आपल्या अगदी जवळ बसवले. आज आपण या महिन्यातील संतांची ओळख याच दृष्टीने करून घेऊ या.

दिनदर्शिकेविषयी थोडेसे

संतांचा स्मरणदिन हा बहुधा त्यांच्या मृत्यूचा दिवस असतो. प्रारंभीचे ख्रिस्ती लोक रक्तसाक्ष्यांच्या मृत्युदिनाला त्यांचा स्वर्गातील जन्मदिवस मानत. त्यांच्या कबरीजवळ जमून ते मिस्साबलिदान अर्पण करीत. त्या प्रथेतूनच आपली दिनदर्शिका वाढत गेली. सर्व दिवस सारख्या दर्जाचे नसतात. महोत्सव, सण, स्मरणदिन आणि ऐच्छिक स्मरणदिन अशी त्यांची चढती-उतरती रांग आहे. काही वर्षी राखेचा बुधवार फेब्रुवारीतच येतो. मग त्यानंतरचे स्मरणदिन मागे सरतात आणि प्रायश्चित्तकाळाच्या प्रार्थनेला पहिले स्थान मिळते. त्या वर्षी चर्चमध्ये एखाद्या संताचे नाव ऐकू आले नाही, तर त्यामागे हे कारण असते.

२ फेब्रुवारी : प्रभूचे मंदिरात समर्पण

नाताळनंतर चाळिसाव्या दिवशी हा सण येतो. या दिवशी मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला जातो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९७ पासून हा दिवस व्रतस्थ जीवनाचा जागतिक दिन म्हणून पाळण्यास सुरुवात केली. त्यामुळे आपल्या धर्मग्रामात सेवा करणाऱ्या सिस्टरांना या दिवशी आठवणीने शुभेच्छा द्याव्यात.

संत लूक सांगतो की योसेफ आणि मरिया यांनी बाळ येशूला यरुशलेमच्या मंदिरात नेले. कोकराचे अर्पण करण्याची ज्यांची ऐपत नसे, अशा गरिबांसाठी नियमशास्त्राने पाखरांच्या जोडीची सोय केली होती. पवित्र कुटुंबाने गरिबांचेच अर्पण दिले. त्या गर्दीत बाळाला कोणी ओळखले? मुख्य याजकांनी नाही, शास्त्र्यांनीही नाही. ओळखले ते शिमोन नावाच्या भाविक माणसाने, जो आता सुखाने डोळे मिटायला तयार होता, आणि हन्ना नावाच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या विधवेने. दोघेही तुमच्या-आमच्यासारखे सामान्य भाविक. घरातली आजी दिवसभर जपमाळ घेऊन बसते, तेव्हा "तिला दुसरं काय काम आहे?" असे आपण सहज म्हणून जातो. मंदिरात सर्वांत आधी ज्यांना तारणारा दिसला, त्यांनाही याहून वेगळे काम नव्हते.

३, ४ आणि ५ फेब्रुवारी : तीन रक्तसाक्षी

*संत ब्लेझ* (३ फेब्रुवारी) हे सेबास्तेचे बिशप होते. हे शहर आज तुर्कस्तानात असून त्याचे नाव सिवास आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी त्यांनी श्रद्धेसाठी प्राण दिले. घशात माशाचा काटा अडकलेल्या मुलाला त्यांनी वाचवले अशी परंपरा आहे. म्हणून या दिवशी दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून गळ्याला आशीर्वाद देतात. आपण मासे खाणारी माणसे, त्यामुळे हा संत आपल्याला लगेच जवळचा वाटतो! पण ही मेणबत्ती म्हणजे गंडा-तावीज नव्हे. ती प्रार्थना आहे, आणि गळा जपावा तसे गळ्यातून निघणारे शब्दही जपावेत याची आठवण आहे.

*संत जॉन डी ब्रिटो* (४ फेब्रुवारी) यांचा जन्म १६४७ साली लिस्बनमध्ये, पोर्तुगालच्या दरबारी घराण्यात झाला. येशूसंघीय धर्मगुरू म्हणून ते तामिळ प्रदेशात आले. तिथे त्यांनी संन्याशाचा वेश घेतला, मांसाहार सोडला आणि तामिळ भाषा शिकून घेतली. एका सरदाराने बाप्तिस्मा घेण्याआधी एक पत्नी ठेवून बाकीच्या स्त्रियांना सोडले. त्या रोषातून ४ फेब्रुवारी १६९३ रोजी ओरियूर येथे फादरांचा शिरच्छेद करण्यात आला. १९४७ साली त्यांना संतपद मिळाले.

*संत आगाथा* (५ फेब्रुवारी) ही सिसिली बेटावरील कतानिया गावची कुमारी. तिसऱ्या शतकाच्या मध्यास, सम्राट देकियसच्या छळात तिने प्राण दिले. तिच्या देहाची फार विटंबना करण्यात आली. स्तनांच्या आजाराने ग्रासलेल्या स्त्रिया तिच्याकडे मध्यस्थी मागतात. मिस्सामधल्या पहिल्या कृतज्ञतास्तुतीच्या प्रार्थनेत आजही तिचे नाव घेतले जाते. अत्याचार झालेल्या स्त्रीलाच दोष देणाऱ्या समाजाला ख्रिस्तसभेने तिचे नाव वेदीवर घेऊन उत्तर दिले आहे.

६ फेब्रुवारी : आपल्या वसईचा गोन्सालो

संत गोन्सालो गार्सिया आणि त्याच्या सोबत्यांचा मृत्यू ५ फेब्रुवारीचा. पण त्या दिवशी संत आगाथाचे स्मरण असल्यामुळे त्यांचे स्मरण ६ तारखेला होते.

गोन्सालोचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज सैनिक, आई इथली स्थानिक. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली तो शिकला आणि पंधरा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जहाजाने जपानला गेला. तिथे तो जपानी बोलायला उत्तम शिकला. सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. मनात एकच इच्छा होती : येशूसंघात दाखल व्हावे. त्याला तसे आश्वासनही मिळाले होते. प्रवेश मात्र मिळाला नाही.

इथे थोडे थांबू या. संतचरित्र वाचताना आपण अशी ओळ पटकन ओलांडतो. आठ वर्षे ज्यांच्यासाठी राबलो, त्यांच्याच घरात आपल्याला जागा नाही, हे कळल्यावर त्या तरुणाला काय वाटले असेल? तो निराश झाला, जपान सोडून गेला आणि व्यापार करू लागला. व्यापारात त्याचा जमही बसला. पण मन तिथे रमेना. शेवटी मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात आला. तिथेही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा ब्रदर म्हणून.

मग १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकिलात घेऊन जायचे होते. जपानी भाषा येणारा विश्वासू माणूस हवा होता. तो माणूस म्हणजे आपला गोन्सालो. ज्या आठ वर्षांना तो स्वतः कदाचित वाया गेलेली वर्षे समजत असेल, तीच देवाने कामाला लावली. क्योतो शहरात फ्रान्सिस्कनांनी चर्च बांधले, कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ काढले. फादरांचा शब्द लोकांपर्यंत पोहोचवायला दुभाषा म्हणून गोन्सालो होताच.

१५९६ साली 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. या परदेशी लोकांमागून सैन्य येईल, असा संशय हिदेयोशीच्या मनात बळावला. डिसेंबरात धरपकड झाली. क्योतोमध्ये बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. नंतर कडाक्याच्या थंडीत जवळजवळ महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. टेकडीवर पोहोचताच गोन्सालोने आपला क्रूस कोणता ते विचारले आणि गुडघे टेकून त्याला मिठी मारली, असे सांगतात.

त्या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुई इबाराकी बारा वर्षांचा. श्रद्धा सोडलीस तर जीव वाचेल, असे त्याला सांगण्यात आले, पण त्याने नकार दिला. वर्गातल्या त्या मुलाला माझे उत्तर इथे मिळाले : सव्वीसांपैकी सतरा जण ना फादर होते, ना ब्रदर. आणखी एक गोष्ट मला फार हलवून जाते. ज्या संघाचे दार गोन्सालोसाठी उघडले नाही, त्याच येशूसंघाचे पौल मिकी आणि दोघे सोबती त्या सकाळी त्याच्याच रांगेत क्रुसावर होते. कोण कुठल्या संघाचा, कोणाला घेतले, कोणाला नाकारले, हे सारे त्या टेकडीवर पुसले गेले.

१६२७ साली या रक्तसाक्ष्यांना 'धन्य' म्हणून मान्यता मिळाली आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. भारतभूमीत जन्मलेला पहिला संत आपल्या वसईचा ठरला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८६५ च्या मार्चमध्ये, नागासाकीत या सव्वीस संतांच्या नावाने बांधलेल्या चर्चमध्ये काही जपानी माणसे आली आणि आपणही ख्रिस्ती आहोत असे तिथल्या धर्मगुरूला हळूच सांगितले. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूंशिवाय, लपूनछपून, आई-वडिलांनी मुलांना श्रद्धा शिकवली होती. रक्तसाक्ष्यांनी पेरलेले बी कुटुंबांनी जगवले होते.

८ फेब्रुवारी : संत जोसेफिन बखिता

सुदानच्या दारफूर भागात १८६९ च्या सुमारास एक मुलगी जन्मली. सात-आठ वर्षांची असताना तिला पळवून नेऊन गुलामांच्या बाजारात विकण्यात आले. भीतीने ती स्वतःचे नावच विसरली. पळवणाऱ्यांनी तिला 'बखिता' म्हणायला सुरुवात केली. अरबीत या शब्दाचा अर्थ 'भाग्यवान'. किती ही क्रूर थट्टा! ती पुन्हापुन्हा विकली गेली. एका घरात वस्तऱ्याने तिच्या अंगावर नक्षी कोरून जखमांत मीठ चोळण्यात आले. ते ११४ व्रण तिच्या देहावर जन्मभर राहिले.

पुढे खार्तूममधल्या इटालियन वाणिज्यदूताने तिला विकत घेतले आणि त्याच्यासोबत १८८५ साली ती इटलीत पोहोचली. व्हेनिसमध्ये कनोसा सिस्टरांकडे तिला येशूची ओळख झाली. मालकीण परत न्यायला आली, तेव्हा या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' म्हटले. प्रकरण न्यायालयात गेले. इटलीच्या कायद्यात गुलामगिरी नसल्यामुळे ती मुक्त असल्याचा निर्णय २९ नोव्हेंबर १८८९ रोजी मिळाला. ९ जानेवारी १८९० रोजी तिचा बाप्तिस्मा झाला आणि १८९६ साली तिने कनोसा संघात व्रते घेतली. पुढची अनेक वर्षे स्किओ गावच्या मठात ती स्वयंपाक, शिवण आणि दारावरची सेवा करीत राहिली. ज्यांनी मला पळवले ते भेटले तर मी त्यांच्या हातांचे चुंबन घेईन, कारण ते घडले नसते तर मला येशू भेटला नसता, अशी तिची भावना होती. ८ फेब्रुवारी १९४७ रोजी तिला देवाज्ञा झाली आणि १ ऑक्टोबर २००० रोजी ती संत घोषित झाली. २०१५ पासून तिचा स्मरणदिन मानवी तस्करीविरुद्धच्या प्रार्थनेचा जागतिक दिन म्हणून पाळला जातो.

हे वाचून आपण आफ्रिकेची हळहळ करून थांबू नये. वसई-मुंबईच्या इमारतींत झारखंड, ओडिशातून आलेल्या कितीतरी मुली घरकाम करतात. त्यांतल्या अनेक जणी आपल्याच श्रद्धेच्या आहेत. रविवारी चर्चमध्ये मागच्या कोपऱ्यात त्या उभ्या असतात. त्यांतल्या किती जणींचे नाव आपल्याला माहीत आहे?

१० आणि ११ फेब्रुवारी : एक बहीण आणि एक मुलगी

*संत स्कॉलास्टिका* (१० फेब्रुवारी) ही संत बेनेडिक्ट यांची बहीण. भावंडे वर्षातून एकदाच भेटत. शेवटच्या भेटीत तिने भावाला रात्रभर थांबून देवाविषयी बोलत बसण्याची विनंती केली. नियम मोडेल म्हणून बेनेडिक्ट तयार होईनात. तिने हात जोडून प्रार्थना केली आणि असा मुसळधार पाऊस आला की त्यांना पाऊल बाहेर टाकता येईना! तिसऱ्या दिवशी ती देवाघरी गेली. ही गोष्ट सांगताना पोप संत ग्रेगरी म्हणतात की तिचे प्रेम अधिक होते म्हणून देवाने तिचे ऐकले. जमिनीच्या वाटणीवरून बहीण-भावांनी बोलणे टाकलेली घरे आपल्याकडेही आहेत. त्यांनी हा दिवस लक्षात ठेवावा.

*लुर्ड्स मातेचा स्मरणदिन* (११ फेब्रुवारी) आपल्याला बर्नादेत सुबिरूची आठवण देतो. १८५८ साली ती चौदा वर्षांची होती. वडील पिठाच्या गिरणीचा धंदा बुडालेले. सारे कुटुंब जुन्या तुरुंगातल्या एका ओलसर खोलीत राहत होते. बर्नादेतला दम्याचा त्रास होता, नीट लिहिता-वाचता येत नव्हते आणि धर्मशिक्षणात मागे पडल्याने तिचा प्रथम ख्रिस्तप्रसादही झाला नव्हता. जळणासाठी लाकडे वेचायला गेलेल्या या मुलीला पवित्र मरियेने ११ फेब्रुवारी ते १६ जुलै या काळात अठरा वेळा दर्शन दिले. मरियेने आपली ओळख निष्कलंक गर्भसंभव अशी सांगितली. तो शब्द बर्नादेतला समजलाही नव्हता. धर्मगुरूंकडे जाताना ती वाटभर तो पुटपुटत गेली. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या इच्छेनुसार १९९३ पासून हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून पाळला जातो.

१४ फेब्रुवारी : संत सिरिल आणि मेथोडियस

या तारखेला बाजारात गुलाबांची गर्दी असते. संत व्हॅलेंटाइन हे रोमचे प्राचीन रक्तसाक्षी. त्यांचे नाव रक्तसाक्ष्यांच्या नामावलीत आजही आहे. पण १९६९ च्या सुधारणेनंतर सार्वत्रिक दिनदर्शिकेत या दिवशी सिरिल आणि मेथोडियस या सख्ख्या भावांचे स्मरण होते. थेस्सलनीकाचे हे भाऊ ८६३ साली स्लाव लोकांत गेले. त्या लोकांच्या भाषेला लिपी नव्हती. सिरिल यांनी ती तयार केली आणि शुभवर्तमान व उपासना लोकांच्या बोलीत आणली. देवाची स्तुती हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तीनच भाषांत शोभते, असे म्हणणाऱ्यांचा विरोध त्यांनी सोसला. शेवटी पोपमहोदयांनी त्यांची बाजू घेतली. सिरिल १४ फेब्रुवारी ८६९ रोजी रोममध्ये मरण पावले.

आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी इंग्लंडहून येऊन मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्साही मराठीत आली. आज मुलांना मराठी प्रार्थना येत नाहीत, अशी तक्रार आपण करतो. पण घरी संध्याकाळची प्रार्थना त्यांच्याबरोबर बसून म्हणतो का?

२२ आणि २३ फेब्रुवारी : पेत्राचे धर्मासन आणि संत पॉलिकार्प

२२ तारखेला संत पेत्राच्या धर्मासनाचा सण. प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या माणसालाच प्रभूने मेंढरे राखायला दिली, हे त्या आसनाकडे पाहताना विसरू नये. २३ तारखेला स्मर्नाचे बिशप संत पॉलिकार्प यांचे स्मरण. ते प्रेषित योहानाचे शिष्य. दुसऱ्या शतकाच्या मध्यास, वृद्धपणी, त्यांना पकडण्यात आले. आलेल्या शिपायांना त्यांनी आधी जेवू घातले. ख्रिस्ताची निंदा कर म्हणजे सोडतो, असे अधिकारी म्हणाला, तेव्हा शहाऐंशी वर्षे ज्याची सेवा केली आणि ज्याने माझे कधी वाईट केले नाही, त्या राजाची निंदा कशी करू, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

आपल्यासाठी बोध

फेस्त आला की आपण नोव्हेना करतो, बॅण्ड लावतो, पाहुण्यांना जेवू घालतो. हे सारे चांगले आहे. पण संतांकडे आपण फक्त मागण्या घेऊन जातो. त्यांच्याकडून शिकायचे राहून जाते.

आमच्या ओळखीचा एक तरुण काही वर्षांपूर्वी सेमिनरीतून परत आला. गावात कुजबूज सुरू झाली : काय केलं असेल यानं? कोणी त्याच्याशी धड बोलेना. आठ-दहा महिने तो मिस्साला येऊन शेवटच्या बाकावर बसायचा आणि आशीर्वाद होताच निघून जायचा. त्या दिवसांत मीही त्याच्याशी बोललो नाही. काय बोलावे ते सुचले नाही, हे माझे निमित्त. पुढे तो कामासाठी दूर गेला. आता दर ६ फेब्रुवारीला मला त्याची आठवण येते. घरात गोन्सालोची तसबीर आणि दारात नाकारलेल्या मुलाला पाठ, या दोन गोष्टी एका घरात कशा नांदतील?

म्हणून या महिन्यात प्रत्येक कुटुंबाने एकच गोष्ट करावी. शेवटच्या बाकावरच्या एका माणसाजवळ जाऊन त्याचे नाव विचारावे. अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याला भेटून यावे. आजीच्या जपमाळेला पाच मिनिटे साथ द्यावी. बखितेला तिच्या आईने ठेवलेले नाव कोणालाच माहीत नव्हते, पण देवाला ते ठाऊक होते. आपल्यातल्या प्रत्येकाचे नाव त्याला ठाऊक आहे. आपल्यालाही ते ठाऊक असावे, एवढीच त्याची अपेक्षा.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. या महिन्यातील कोणता संत तुम्हाला सर्वांत जवळचा वाटला? का?

२. तुमच्या आयुष्यात एखादे दार बंद झाले आणि पुढे त्यातूनच देवाने काही चांगले घडवले, असा अनुभव आहे का? मुलांना तो सांगा.

३. आपल्या गावात किंवा इमारतीत असा कोण आहे, ज्याचे नाव आपण कधी विचारले नाही?

प्रार्थना

हे प्रभू परमेश्वरा, जगाने ज्यांना मागे ठेवले त्यांना तू आपल्या जवळ बसवलेस. संत गोन्सालो, संत बखिता आणि या महिन्यातील सर्व संतांच्या मध्यस्थीने आम्हाला तुझे डोळे दे, म्हणजे आमच्यातल्या कोणालाही आम्ही लहान लेखणार नाही. आमच्या घरांची आणि आमच्या धर्मग्रामाची दारे सर्वांसाठी उघडी ठेव. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.